भूलतज्ज्ञांचे व्यवसाय-महाविद्यालय आणि एका वर्षाची प्रगती

व्यवसायसंस्थांचे वार्षिक अहवाल चाळणाऱ्यास त्यांचा साचा परिचयाचा असतो. सभासद किती वाढले, परीक्षेस किती उमेदवार बसले, त्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, व्याख्याने व परिषदा किती भरल्या, ग्रंथालयात किती ग्रंथांची भर पडली, यांची नोंद त्यांत क्रमाने केलेली असते. ही माहिती निरुपयोगी आहे असे नाही. परंतु ज्या व्यवसायाचा संबंध थेट दुसऱ्याच्या श्वासाशी येतो, त्याच्या बाबतीत वाचकाच्या मनात आणखी एक प्रश्न उभा राहतो. संस्थेच्या एका वर्षाच्या कामामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेला मनुष्य अधिक सुरक्षित झाला काय, आणि झाला असल्यास ते कळावयाचे कसे? प्रस्तुत लेखात भूलतज्ज्ञांच्या व्यवसायसंस्थांच्या इतिहासाच्या आधाराने या प्रश्नाचा विचार केला असून, त्यातून निघणारी पद्धती सोलापूर-कुंभारीसारख्या परिसरात कशी अवलंबिता येईल, हे शेवटी पाहिले आहे.

१. 'महाविद्यालय' या शब्दाचे दोन अर्थ

महाविद्यालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत, वर्ग व विद्यार्थी येतात. वैद्यकाच्या क्षेत्रात या शब्दाचा दुसराही एक अर्थ रूढ आहे. एखाद्या व्यवसायातील मान्यताप्राप्त व्यक्तींनी एकत्र येऊन स्थापिलेली, त्या व्यवसायात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांची परीक्षा घेणारी व त्याचे दर्जे ठरविणारी मंडळी, असा तो अर्थ होय. अशा महाविद्यालयात वर्ग भरतातच असे नाही. शिक्षण रुग्णालयांत होते, आणि ते पुरेसे झाले किंवा नाही याचा निवाडा महाविद्यालय करते. १९१२ साली मुंबईत स्थापन झालेले 'कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स' हे या प्रकारचे आपल्या जवळचे उदाहरण आहे. लेखात 'व्यवसाय-महाविद्यालय' ही संज्ञा या दुसऱ्या अर्थाने योजिली आहे.

भूलतज्ज्ञांना असे महाविद्यालय पुष्कळ उशिरा लाभले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे मॉर्टन याने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले आणि १८४७ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास ईथरचा वापर झाला. विद्या इतक्या त्वरेने पसरली; परंतु ती कोणी वापरावी याचा विचार मागेच राहिला. रुमालावर औषधाचे थेंब टाकणे हे काम कनिष्ठ सहायकाचे, विद्यार्थ्याचे किंवा प्रसंगी हाताशी असेल त्याचे, अशी समजूत कित्येक दशके टिकून होती. शल्यविशारदाच्या कौशल्याचे कौतुक होई. रुग्ण मेला तर दोष क्लोरोफॉर्मच्या माथी बसे. तो कोणी, किती व कसा दिला याची नोंद ठेवण्याची गरज फारच थोड्यांना भासली. ज्यांना ती भासली त्यांत लंडनचा जॉन स्नो अग्रगण्य होय.

२. हैदराबादचा धडा

अधिकार आणि मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या शेजारच्याच एका प्रकरणावरून चांगले समजते. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली एकाएकी दगावली. तेव्हापासून वाद सुरू झाला की, क्लोरोफॉर्मने प्रथम हृदय बंद पडते की श्वसन. वाद शास्त्रीय असला तरी त्याचा परिणाम व्यवहारावर होणार होता. कारण भूल देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवावे की केवळ छातीची हालचाल पाहावी, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

हैदराबाद येथील वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइम यांचे शिष्य. 'श्वसनाकडे लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको' हे गुरूचे मत त्यांनी जन्मभर उराशी बाळगले. निजाम सरकारच्या आश्रयाने १८८८ साली त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करणारी पहिली समिती नेमविली. तिच्या निष्कर्षांवर लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन त्या पत्राचाच प्रतिनिधी बोलाविला. त्याप्रमाणे टॉमस लॉडर ब्रंटन १८८९ साली हैदराबादेस आले व दुसऱ्या समितीने शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष लॉरींना अनुकूल निघाला: श्वसन नेहमी हृदयाच्या आधी थांबते, सबब भूल देणाराने श्वसनच पाहावे. या काळात त्या विद्यालयात शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पुढे जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी एक म्हणून ओळखल्या गेल्या, ही त्या प्रकरणाची उजळ बाजू होय.

निष्कर्ष मात्र अपुरा होता. गुडमन लेव्ही यांनी १९११ साली दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाच्या जवनिकांचे एकाएकी कंपन सुरू होऊन मृत्यू येऊ शकतो, आणि शरीरात ॲड्रिनॅलिनचे प्रमाण वाढलेले असले म्हणजे हा धोका अधिक असतो. भेदरलेली पंधरा वर्षांची मुलगी, नुकती सुरू झालेली भूल आणि क्षणात आलेला मृत्यू, यांचा उलगडा यामुळे होऊ शकला. हैदराबादच्या समितीने प्रयोग थोडे केले नव्हते. ज्या परिस्थितीत माणसे मरत होती त्या परिस्थितीतील मृत्यू मात्र तिने मोजले नाहीत. खोल भुलेत ठेवलेल्या प्राण्यांवरून तिने घाबरलेल्या माणसाविषयी अनुमान केले. पैसा, राजाश्रय व विख्यात पाहुणा या तिहींनी निष्कर्षास वजन आले, त्याची सत्यता वाढली नाही.

३. १९४७ व १९४८

इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञांची संघटना १९३२ साली झाली व १९३५ पासून भूलशास्त्राच्या पदविकेची परीक्षा सुरू झाली. १९३७ साली ऑक्सफर्ड येथे रॉबर्ट मॅकिंटॉश यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. दाता लॉर्ड नफील्ड यांनी आग्रह धरला नसता तर विद्यापीठाने हे पद निर्माण केले नसते. पुढे १९४८ साली लंडनच्या शल्यविशारदांच्या राजमान्य महाविद्यालयात भूलतज्ज्ञांची विद्याशाखा स्थापन झाली आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत भूलतज्ज्ञास इतर तज्ज्ञांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. या शाखेची फेलोशिपची परीक्षा १९५३ पासून होऊ लागली. शल्यविशारदांच्या घरातून बाहेर पडून स्वतंत्र महाविद्यालय होण्यास १९८८ साल उजाडले, आणि राजमान्यता १९९२ साली मिळाली.

आपल्याकडे 'इंडियन सोसायटी ऑफ ॲनेस्थेटिस्ट्स' ही संस्था १९४७ साली, म्हणजे लंडनच्या शाखेच्याही किंचित आधी अस्तित्वात आली. तिचे नियतकालिक १९५३ साली डॉ. बी. एन. सिरकार यांच्या संपादकत्वाखाली निघू लागले. परीक्षांचा अधिकार मात्र येथे विद्यापीठांकडेच राहिला. आज महाराष्ट्रात तो १९९८ साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. अर्थात आपल्या देशात व्यवसाय-महाविद्यालयाची कामे अनेक संस्थांत विभागली गेली. याचा एक परिणाम असा की, परीक्षेची जबाबदारी कोणाची हे सर्वांस ठाऊक असते. परंतु परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांच्या हातून रुग्णांचे काय होते, हे मोजण्याची जबाबदारी कोणाची, असे विचारल्यास उत्तर देताना अडखळावे लागते.

४. वर्ष हे मोजमापाचे एकक

अशी मोजणी पूर्वी झालीच नव्हती असे नाही. बीचर आणि टॉड या अमेरिकन संशोधकांनी १९४८ ते १९५२ या पाच वर्षांत दहा विद्यापीठीय रुग्णालयांतील ५,९९,५४८ भुलांची तपासणी करून १९५४ साली असे प्रसिद्ध केले की, सुमारे १,५६० भुलांमागे एका मृत्यूस भूल कारणीभूत झाली. इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९४९ पासून सभासदांकडून गुप्तपणे मृत्यूंचे अहवाल मागविले आणि अशा एक हजार मृत्यूंचे परीक्षण १९५६ साली छापले. त्यातून दिसून आले ते असे की, बहुतेक प्रकरणांत कोणताही अपूर्व रोग किंवा अज्ञात विष नव्हते. मान्य पद्धतीचे कोठेतरी उल्लंघन झाले होते. पोट भरलेल्या रुग्णास भूल दिल्यामुळे उलटी श्वासमार्गात जाणे हे त्यांतील एक ठळक कारण होते.

या परंपरेचा सर्वांत पद्धतशीर विकास म्हणजे लंडनच्या भूलतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने हाती घेतलेली राष्ट्रीय परीक्षणे. त्यांची रचना विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. एक विषय निवडावयाचा. प्रत्येक रुग्णालयात एक स्थानिक प्रतिनिधी नेमावयाचा. आणि बरोबर एक वर्षभर त्या विषयातील प्रत्येक गंभीर घटना, रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव गाळून, मध्यवर्ती मंडळाकडे पाठवावयाची. श्वासमार्गाच्या गुंतागुंतीविषयीचे चौथे परीक्षण सप्टेंबर २००८ ते ऑगस्ट २००९ या वर्षाचे असून ते २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात १८४ घटना विचारार्थ घेतल्या गेल्या. पाचवे परीक्षण भूल चालू असताना रुग्णास जाग येण्याविषयीचे होते. त्याच्या २०१४ च्या अहवालाप्रमाणे अशा तक्रारीचे प्रमाण एकंदरीत सुमारे १९,००० भुलांमागे एक. सिझेरियनसाठी संपूर्ण भूल दिलेल्या स्त्रियांत मात्र सुमारे ६७० मागे एक. सातवे परीक्षण शस्त्रक्रियेच्या आसपास हृदय बंद पडण्यासंबंधीचे, ते २०२३ साली प्रसिद्ध झाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली गोष्ट छेदाची. १८४ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो किती भुलांपैकी, हे कळल्याखेरीज त्यास अर्थ येत नाही. वर्षभरातील प्रत्येक भूल मोजणे अशक्यप्राय असल्याने प्रत्येक रुग्णालयाने केवळ दोन आठवडे सर्व भुलांची मोजणी केली व तीवरून वर्षाची संख्या सुमारे २९ लाख ठरविण्यात आली. दुर्मीळ घटनांसाठी पूर्ण वर्ष आणि नित्याच्या घटनांसाठी दोन आठवडे, ही साधी युक्ती कोणत्याही जिल्ह्यास परवडण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट निष्कर्षाच्या स्वरूपाची. चौथ्या परीक्षणात अतिदक्षता विभागातील मृत्यू व मेंदूच्या कायमच्या इजा पाहिल्या असता, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणांत कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखविणारे यंत्र, वापरले गेले नव्हते आणि तो अभाव हानीस साहाय्यभूत झाला होता, असे आढळले. नळी श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत, हे हे यंत्र काही श्वासांतच सांगते. शस्त्रक्रियागृहात त्याचा वापर रूढ होता. भिंतीपलीकडच्या विभागात तो नव्हता. वैयक्तिक अनुभव कितीही दांडगा असला तरी एका डॉक्टरास ही गोष्ट दिसणे कठीण, कारण अशी घटना त्याच्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच घडते. सर्वांचे अनुभव एका वर्षाच्या वहीत आले तेव्हाच ती दिसली. महाविद्यालयाने एका वर्षात केलेली प्रगती म्हणतात ती ही.

५. कुंभारीच्या परिसरातील वही

सोलापूर जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा नवी नाही. शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचे आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. याच कुंभारीत विडी व यंत्रमाग कामगारांसारख्या श्रमिकांसाठी उभारलेल्या रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. एका अंगास तालुक्यातील शेतकरी, दुसऱ्या अंगास तंबाखूच्या व कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेले कामगार, असा हा रुग्णवर्ग आहे. येथील भूलतज्ज्ञाच्या वार्षिक वहीत कोणते रकाने असावेत, याचा विचार या लोकांवरूनच करावा लागेल.

पहिला रकाना फुफ्फुसांचा. वर्षानुवर्षे विड्या वळणारी स्त्री कधी विडी ओढत नसली तरी तंबाखूची धूळ तिच्या श्वासात गेलेली असते. शस्त्रक्रियापूर्व तपासणीत 'धूम्रपान नाही' एवढे लिहून थांबल्यास इतिहास अपुरा राहतो. व्यवसाय काय, किती वर्षांचा आणि घरात की कारखान्यात, हे विचारले पाहिजे.

दुसरा रकाना विषबाधेचा. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके पोटात गेलेले रुग्ण ग्रामीण रुग्णालयास नवे नाहीत. ही द्रव्ये रक्तरसातील कोलिनएस्टरेज या विकराचे कार्य दडपतात. स्नायू शिथिल करण्यासाठी वापरले जाणारे सक्सामिथोनियम हे औषध याच विकराने विघटित होते. त्यामुळे निरोगी माणसात काही मिनिटांत ओसरणारा त्याचा परिणाम अशा रुग्णात कित्येक तास टिकू शकतो. श्वासनलिकेत नळी घालण्याच्या घाईत हे विस्मरणात गेल्यास रुग्णाचा श्वास परत येण्याची वाट पाहत यंत्राजवळ बसावे लागते, आणि यंत्र नसल्यास तर प्रसंग अधिकच बिकट होतो.

तिसरा रकाना याच विकराच्या आनुवंशिक उणिवेचा. दक्षिण भारतातील वैश्य समाजात ही उणीव इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते, आणि तिच्या मुळाशी असलेला जनुकीय बदल २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वर्णिलेला आहे. ज्यांच्यात ती असते त्यांना एरवी कोणताही त्रास नसतो; सक्सामिथोनियम दिल्यावरच ती प्रकट होते. सोलापुरात मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषा घरोघर बोलल्या जातात. 'घरात कोणास भुलेतून शुद्धीवर येण्यास फार वेळ लागला होता काय?' हा प्रश्न रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत विचारला गेला, तर जे पुस्तकात टीप म्हणून असते ते येथे प्राण वाचविणारे वाक्य ठरू शकते. तो विचारला गेला की नाही, याचीही खूण वहीत करता येते.

जिल्हा पातळीवर अशी वही ठेवताना एक अडचण येईल, तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. राष्ट्रीय परीक्षणात नाव गाळले की घटना कोठली हे कळत नाही. जिल्ह्यात भूलतज्ज्ञ मोजकेच असतात. वय, शस्त्रक्रिया व महिना एवढ्यावरून सर्वांस रुग्ण आणि डॉक्टर दोन्ही ओळखू येतात. दोषारोपाची भीती राहिली तर अहवाल येणार नाहीत, आणि अहवाल आले नाहीत तर वर्षाअखेरीस वही स्वच्छ दिसेल. ती स्वच्छता फसवी असेल. यावर उपाय म्हणजे परीक्षण जिल्ह्याबाहेरील मंडळाकडून करवून घेणे, अनेक जिल्ह्यांचे अहवाल एकत्र मिळविणे, आणि अपघाताबरोबरच थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद मागणे. टळलेला अपघात सांगण्यास माणूस फारसा कचरत नाही, आणि धडा दोहोंतून सारखाच मिळतो.

६. दर्जा आणि विस्तार

व्यवसाय-महाविद्यालयापुढील सर्वांत अवघड प्रश्न येथे येतो. भूलतज्ज्ञांच्या जागतिक संघाने एक लाख लोकवस्तीस किमान पाच भूलतज्ज्ञ असावेत असे उद्दिष्ट सांगितले आहे. भारत या आकड्याच्या पुष्कळ खाली असून असलेले तज्ज्ञही शहरांत एकवटले आहेत. अडलेल्या बाळंतिणीस सिझेरियनची गरज असते, शल्यविशारद हजर असतो, आणि भूल देणारा नसल्याने तिला पुढच्या गावी पाठवावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने एम.बी.बी.एस. डॉक्टरांना आपत्कालीन प्रसूतीपुरती भूल शिकविणारा अठरा आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यावर व्यवसायातून आक्षेप आले. तीन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाने जे साधते ते अठरा आठवड्यांत कसे साधावे, हा आक्षेप खोटा नाही. शंभर वर्षांपूर्वी भूल हे कोणाचेही काम मानल्याने काय झाले, हे आपण वर पाहिलेच. परंतु तज्ज्ञ न आल्यामुळे वाटेत दगावलेली स्त्री कोणत्याही भूलतज्ज्ञाच्या मृत्युनोंदीत येत नाही, हेही तितकेच खरे. केवळ शस्त्रक्रियागृहातील मृत्यू मोजणारी वही तिला पाहूच शकत नाही.

म्हणून या वादाचा निकाल मतांवर सोडू नये. अल्पकालीन शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी दिलेल्या भुला, तज्ज्ञांनी दिलेल्या भुला आणि भूल न मिळाल्याने पुढे पाठविलेल्या स्त्रिया, या तिघांचीही नोंद एकाच वहीत एक वर्ष केली, तर कोणत्या मार्गाने किती जीव वाचतात हे त्या जिल्ह्यापुरते तरी दिसू लागेल. याला अनुकूल अशी एक सोय आता झालेली आहे. २०२१ पासून प्रवेश घेतलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्यसेवेत काम करणे आवश्यक झाले आहे. या तीन महिन्यांकडे पुष्कळ विद्यार्थी केवळ हजेरीची पूर्तता म्हणून पाहतात. त्यांनी याच काळात दोन आठवड्यांची मोजणी आणि पुढे पाठविलेल्या रुग्णांची नोंद हाती घेतली, आणि तेच आपल्या प्रबंधाचा विषय केले, तर छेद व अंश दोन्ही हाती येतील.

साधने ठाऊक नाहीत अशी स्थिती नाही. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी शोधलेले पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व आज बोटावर बसणाऱ्या यंत्रात सामावले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षेची तपशीलयादी नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली असता मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. यादी कागदाची आहे व यंत्र बोटाएवढे. ते प्रत्येक रुग्णास वापरले गेले काय, एवढेच पाहावयाचे राहते.

वरील विवेचनावरून असे म्हणावयास हरकत नाही की, व्यवसाय-महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात तीन आकडे आले म्हणजे तो पुरा होतो: आपल्या कसोटीस किती उतरले, आपल्या हातून किती हानी झाली, आणि आपण किती जणांपर्यंत पोहोचलो नाही. पहिला आकडा सांगण्यास अभिमान पुरतो. दुसऱ्यास धैर्य लागते. तिसरा आकडा आज बहुतेक ठिकाणी उपलब्धच नाही. तो मिळविण्याचे काम मुंबई वा लंडनपेक्षा कुंभारीसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यास अधिक सहज करता येण्याजोगे आहे, कारण तेथे पोहोचू न शकलेला रुग्ण आणि त्याला पुढे पाठविणारे गाव ही दोन्ही त्याच्या दाराशी आहेत.